'घरची परिस्थिती' की मुलाची खरी अडचण? दाट वस्तीतल्या शाळेतले अनुभव

खडूची धूळ

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. मी एका मोठ्या शहराच्या जुन्या, दाटीच्या भागातल्या प्राथमिक शाळेत विशेष शिक्षिका आहे, हे नववं वर्ष. शाळेचं नाव सांगत नाही आणि मुलांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडेतिकडे केलेत, बाकी घडलं ते तसंच लिहितेय.

आमच्याकडे कुठलंही मूल मागे पडलं की स्टाफरूममध्ये पहिलं वाक्य येतं, 'घरची परिस्थितीच तशी आहे.' आणि ते खोटं नसतं, हीच खरी पंचाईत आहे. एका खोलीत सात माणसं, आई रात्रपाळीला, खाली रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत गाड्या, झोप नाही, पाटी घेऊन बसायला कोपरा नाही. पण याच वाक्यापायी मी एका मुलीचं जवळजवळ अख्खं वर्ष वाया घालवलं.

दुसरीतली मुलगी, शेवटच्या बाकावर, अतिशय शांत. शब्द कमी, उत्तर विचारलं की शेजारणीकडे बघायची. घरी कोणी बोलायला नाही म्हणून भाषा कच्ची, असं वर्गशिक्षिका म्हणाल्या आणि मीही मान डोलावली. मी तिला गोष्टी सांगायचे, चित्रं दाखवायचे, काही दिवस छान प्रतिसाद द्यायची, काही दिवस जणू मी नाहीच. 'मनात असलं की ऐकते' असं मी तिच्या वहीवर चक्क लिहून ठेवलं होतं. एक दिवस ती खिडकीकडे तोंड करून चित्र रंगवत होती आणि मी मागून दोनदा तीनदा हाक मारली, काही नाही, मग मी समोर जाऊन तेवढ्याच आवाजात बोलले तर लगेच हसली. तपासणीत दोन्ही कानांच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलेलं निघालं. हे दुखत नाही, ताप येत नाही, आणि ऐकू येणं कमीजास्त होत राहतं, म्हणून तर काही दिवस ऐकायची आणि काही दिवस नाही. उपचार झाले, पहिल्या बाकावर आणलं, पण ज्या वयात शब्द ऐकून ऐकून साठतात त्या वयातले कितीतरी शब्द तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते, ते भरून काढायला अजून चालू आहे.

आता याच्या बरोबर उलटं. एक मुलगा आमच्याकडे आला तो कागद घेऊनच आला, आधीच्या शाळेने 'गतिमंद असावा' असं लिहिलेलं. दोन वर्षांत तिसरी शाळा, घरची भाषा वेगळी. माझ्या खोलीत तो महिनाभर एक शब्द बोलला नाही. मग एकदा चौथीतला त्याच्याच भाषेचा एक मुलगा निरोप द्यायला आला आणि सहज त्याला काहीतरी विचारून गेला, तर हा पठ्ठ्या मणी मोजत शंभरच्या पुढे गेला, वर वजाबाक्याही तोंडी! जिम कमिन्स नावाच्या भाषा-अभ्यासकाने १९७९ मध्ये गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा हा फरक मांडला आणि पुढे दाखवलं, की नव्या भाषेत खेळण्यापुरतं, गप्पांपुरतं बोलायला मूल साधारण वर्ष-दोन वर्षांत शिकतं पण त्या भाषेत अभ्यास करायला ५ ते ७ वर्षं लागू शकतात. आणि आम्ही त्याच भाषेत परीक्षा घेऊन त्याची बुद्धी मोजत होतो.

म्हणजे एकीकडे खरी अडचण परिस्थितीच्या नावावर खपते आणि दुसरीकडे परिस्थितीवर अडचणीचं लेबल लागतं. आमच्यासारख्या शाळांत दोन्ही रोज घडतं, कधी कधी एकाच वर्गात. तुम्ही कसं ओळखता? शिक्षक, पालक, थेरपिस्ट कोणीही असा, अनुभव लिहा.

पाटीपेन्सिल

ताई, मनापासून लिहिलंय ते पोचलं. पण मी वर्गशिक्षिका आहे, पहिलीचा वर्ग, पटावर ४२, आणि मला खरंच विचारायचंय की हे ओळखायचं कधी? माझ्याकडे एक मुलगा आहे, निदान काही झालेलं नाही, दिवसातून एकदा तरी टेबलाखाली जाऊन कान झाकून किंचाळतो. त्याच्यापाशी बसले की बाकी ४१ जण सुटतात. विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनदा येतात आणि तीन मजल्यांवर फिरतात. त्याच्यासाठी मी काही करत नाहीये या विचाराने रात्री झोप येत नाही आणि सकाळी पुन्हा तेच. बाकीच्या मुलांचे पालकही आता बोलायला लागलेत.

तिसरा बाक

+१. पाटीपेन्सिल, तुमच्यासारखीच अवस्था आमच्याकडे.

खडूची धूळ

@पाटीपेन्सिल, ४२ मुलांत एकटीने असं काही करावं असं मी कधीच म्हणणार नाही. मदतनीस मिळायला हवा हे मुख्याध्यापकांकडे लेखी मागा, आणि तोंडी नको, लेखीच.

तोवर एक करा. वहीचं एक पान, तीन रकाने. किंचाळण्याच्या आधी काय चाललं होतं, त्याने नक्की काय केलं, आणि त्यानंतर लगेच काय झालं. फक्त वेळ आणि चारपाच शब्द, त्याच क्षणी नाही जमलं तर मधल्या सुट्टीत. 'चिडला', 'हट्ट केला' असं लिहू नका, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहा. दोन आठवडे. मला आठ वर्षांत एकदाही असं झालेलं नाही की दोन आठवड्यांनी त्या पानाने काहीच सांगितलं नाही. आपल्याला वाटतं हा कधीही सुरू होतो, पण तो 'कधीही' नसतो. तुम्ही कान झाकतो लिहिलंय म्हणून 'आधी'च्या रकान्यात आवाजाचं नक्की लिहा.

आणि ४१ जणांचं म्हणाल तर, एकासाठी केलेली गोष्ट बाकीच्यांचं नुकसान करते हे मला पटत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावायला मी एका स्वमग्न मुलासाठी सुरुवात केली, महिन्याभरात अख्खा वर्ग त्यावर बघून वह्या काढायला लागला. मारिया माँटेसोरींचंच बघा ना, त्या आधी रोममध्ये, जी मुलं शिकूच शकत नाहीत असं लोक म्हणायचे त्यांच्याबरोबर काम करत होत्या, ईतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचं वाचून साधनं बनवत होत्या. ६ जानेवारी १९०७ ला सान लोरेंझो या रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालघर उघडलं आणि ही साधनं तिथल्या सगळ्या मुलांना दिली. खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने गिरवणं आज जगभरच्या वर्गांत आहे, त्याचं मूळ त्या आधीच्या मुलांपाशी आहे.

कानोसा

मी स्पीच थेरपिस्ट आहे, कानांविषयी थोडं. मागून टाळी वाजवली, मूल वळलं, म्हणजे ऐकू येतं, असं प्लीज धरू नका. टाळी मोठी असते. 'स', 'फ', 'थ' हे बारीक आवाज हरवलेले असतात आणि मूल अंदाजाने वाक्य जुळवत राहतं, म्हणून वर्गात 'लक्ष नाही' वाटतं. ऑडिओमेट्रीबरोबर (किती ऐकू येतं याची तपासणी) टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा कसा हलतो याची तपासणी) मागा, पडद्यामागचं पाणी त्यात कळतं. सर्दीच्या दिवसांत आणि सर्दी नसताना, दोन्ही वेळा झाली तर उत्तम. डोळ्यांचंही तसंच, लांबचा तक्ता वाचला म्हणजे वहीतलं जवळचं नीट दिसतंच असं नाही.

आणि वर्गातला आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात शिकवताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपर्यंत असावा असं आहे. रस्त्यालगतच्या वर्गात खिडक्या उघड्या ठेवून मोजून बघा. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये एक शाळा होती, तिच्या एका बाजूने उन्नत मार्गावरून रेल्वे जायची. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी मॅकार्थी यांनी १९७५ मध्ये दाखवलं की रुळांच्या बाजूच्या वर्गातली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या मागे होती, सहावीपर्यंत हा फरक जवळजवळ वर्षभराचा. एकच शाळा, एकच वस्ती, फक्त खोली वेगळी. मग रुळांखाली रबराचे पॅड बसवले, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावले, आणि १९८१ च्या पाहणीत दोन्ही बाजूंची मुलं सारखीच निघाली. मला हा अभ्यास फार जवळचा वाटतो कारण त्या मुलांना 'घरची परिस्थिती' म्हणून सोडून देणं किती सोपं होतं.

साधी मुलंच इतकी मागे पडत होती तर ज्या मुलाला आवाज वेगळे काढताच येत नाहीत, पंखा, हॉर्न, शेजारचा वर्ग आणि बाईंचा आवाज सगळं एकाच जोराने येतं, त्याचं काय होत असेल.

उंबरठा

मी आई आहे, मुलगा १० वर्षांचा, ऑटिझम (स्वमग्नता). अशाच एका शाळेत जायचा. धागा वाचून दोनदा उठून गेले आणि परत येऊन लिहितेय.

शाळेत मला पहिला प्रश्न नेहमी एकच, 'घरी काय करता त्याच्याकडून?' मी तेव्हा दोन कामं करत होते. मला बोलावणं यायचं ते दुपारी, त्या दिवसाचे पैसे कापले जायचे, गेले नाही तर 'पालक सहकार्य करत नाहीत' असा शेरा. एकाही बाईने मला असं विचारलं नाही की घरी तो कशाने शांत होतो. ते मला माहीत होतं हो! जाड गोधडी अंगावर टाकून घट्ट दाबून धरलं की तो पाच मिनिटांत शांत व्हायचा. शाळेत त्याला चाळीस चाळीस मिनिटं रडू दिलंय.

पुढे एक बाई आल्या, त्या संध्याकाळी फोन करायच्या आणि आधी काहीतरी चांगलं सांगायच्या, आज त्याने स्वतःहून दप्तर उघडलं वगैरे. तोवर शाळेचा नंबर दिसला की पोटात गोळा यायचा माझ्या. त्या बाईंना मी सगळं सांगितलं, घरातलंही, आणि त्यातूनच त्यांना कळलं की सोमवारी तो जास्त बिघडतो कारण रविवारी घरात पाहुणे असतात आणि झोप होत नाही. म्हणजे ऑटिझमही होता आणि परिस्थितीही होती. दोन्ही. मला वाटतं 'की' लावून विचारलं की चुकतं.

खडूची धूळ

उंबरठा ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. शीर्षकातला तो 'की' मला आता खुपतोय. शेऱ्याचंही खरं आहे, मीही असे शेरे लिहिलेत, आता नाही लिहीत.

तिसरा बाक

एक अनुभव माझाही. तिसरीतली मुलगी, 'तंद्रीत असते' अशी तीन वर्षं ख्याती. वाचता वाचता मध्येच थांबायची, नजर एका जागी, मग पुढे वाचायला लागायची पण दोन ओळी गाळून. आम्ही समजायचो घरी काहीतरी चाललंय, वडील सोडून गेले होते, मन लागत नसेल. एका नव्या सरांनी घड्याळ लावून बघितलं, दर वेळी दहा-बारा सेकंद, पापण्या किंचित फडफडतात, खांद्यावर हात ठेवला तरी भान येत नाही आणि संपलं की तिला काही आठवत नाही. फिट्सचाच प्रकार निघाला, अ‍ॅबसेन्स सीझर म्हणतात. पडणं नाही, झटके नाहीत म्हणून कोणाला कळत नाही, दिवसात कितीतरी वेळा येऊ शकतात. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) झाला, औषध सुरू झालं. तंद्रीतल्या मुलाला हाक मारली, हात लावला की ते भानावर येतं, हे मूल येत नाही, एवढं जरी शिक्षकांना माहीत असलं तरी पुष्कळ. आणि असं दिसलं तर पालकांच्या परवानगीने मोबाईलवर व्हिडिओ घ्या, डॉक्टरांना फार उपयोग होतो.

सरळरेषा

वेगळं मत मांडतो. धाग्यात निदानाच्या कागदाबद्दल थोडी नाराजी दिसतेय. पण कागद नसेल तर मदतनीस नाही, परीक्षेत जादा वेळ नाही, थेरपीचे तास नाहीत. चांगल्या वस्तीतले पालक मूल तीन वर्षांचं असतानाच धावपळ करून निदान मिळवतात, इथली मुलं आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत 'बघू, सुधारेल' वर राहतात. लेबलची भीती ज्यांना परवडते त्यांनी बाळगावी. माझ्या भाच्याची चार वर्षं या 'थांबून बघू' मध्ये गेली आहेत म्हणून थोडं तीव्र लिहिलं.

खडूची धूळ

@सरळरेषा, तीव्र लिहिलंत ते बरोबरच आहे, माझ्या त्या दुसरीतल्या मुलीचं वर्ष असंच गेलं. मी कागदाच्या विरोधात नाही. कान, डोळे आणि झोप या तीन गोष्टी मी आता पहिल्या दोन आठवड्यांतच बघून घेते, कोणाचीही वाट न बघता. असेसमेंटची (तज्ज्ञांकडून निदानासाठी होणाऱ्या तपासणीची) रांग लांब असते म्हणून नाव लगेच घालते. पण रांगेत असताना मदत थांबवायची नाही. चित्रांचं वेळापत्रक लावायला किंवा कामाचे छोटे तुकडे करून द्यायला कुठल्याही कागदाची गरज नसते.

आणि असेसमेंट मुलाच्या घरच्या भाषेतही झालं पाहिजे यावर अडून बसा. अडचण घरच्या भाषेतही दिसते का, हा प्रश्न विचारल्याशिवाय आलेला कागद मी अर्धाच मानते. आजी-आजोबांना, मोठ्या भावंडांना विचारा, घरात गोष्ट सांगतो का, निरोप नीट पोचवतो का, बरोबरीच्या मुलांपेक्षा उशिरा बोलायला लागला का. दोन्ही भाषांत अडत असेल तर मग भाषेचा नवखेपणा एवढंच कारण नाही.

नवी पाऊलवाट

मी वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा लिहितेय. येत्या सोमवारपासून शॅडो टीचर (वर्गात एकाच मुलाबरोबर राहणारी मदतनीस) म्हणून रुजू होतेय, सहा वर्षांचा मुलगा, बोलत नाही आणि चावतो असं सांगितलंय. प्रशिक्षण तीन दिवसांचं झालं. खूप भीती वाटतेय. काय करू?

उंबरठा

माझाही चावायचा. बोलता येत नसेल तर 'नको' म्हणायला त्याच्याकडे दुसरं काय असतं? सोमवारी त्याच्याकडून काही करून घेऊ नका. शेजारी बसा. तो जे करतोय ते तुम्हीही थोडं बाजूला करा. आणि 'माझ्याकडे बघ, डोळ्यांत बघ' असं सतत म्हणू नका, आमच्या मुलांना ते फार जड जातं.

कानोसा

बोलत नाही म्हणजे सांगायचं काही नाही असं नसतं. त्याला आवडणाऱ्या दोन-तीन वस्तूंची चित्रं बनवा. चित्र हातात दिलं की वस्तू लगेच मिळते, हे आधी कळू दे. १९८५ मध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ही पद्धत बसवली, तिला पेक्स म्हणतात. सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात, समोरचा चित्र घेणारा आणि मागचा फक्त हाताला दिशा देणारा, आणि 'काय हवं?' असं विचारायचं नसतं, नाहीतर विचारल्याशिवाय मागायचं नाही असंच मूल शिकतं. चित्रं दिली तर बोलणार नाही ही भीती पालकांना वाटते, पण अभ्यासांत तसं काही दिसलेलं नाही, कित्येक मुलं थोडी जास्तच बोलायला लागतात.

खडूची धूळ

@नवी पाऊलवाट, भीती वाटणं साहजिक आहे, मलाही वाटायची. वरचं सगळं कराच. माझ्याकडून दोन गोष्टी.

थांबायला शिका. मेरी बड रो या शिक्षण-संशोधकांनी कितीतरी वर्गांतली टेप ऐकून बघितलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलतात. आपल्या मुलांना त्याहून जास्त लागतो वेळ. मी मनात दहा मोजते, तोवर तोंड बंद. तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हटलं की त्याचं समजून घेणं पहिल्यापासून सुरू होतं.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. तुम्ही त्याच्या आणि बाकी मुलांच्या मधली भिंत होऊ शकता. मायकेल जिआनग्रेको या विशेष शिक्षणाच्या अभ्यासकाने आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे नीट लिहून ठेवलंय, मदतनीस सतत खेटून बसला की वर्गशिक्षिका त्या मुलाशी बोलणंच कमी करतात, मुलं त्याच्या जवळ येत नाहीत. चावण्याचा धोका ओळखू यायला लागला की हळूहळू हातभर मागे सरका, मग एक बाक मागे. बाईंना त्याच्याशी थेट बोलू द्या, तुम्ही त्याच्या वतीने उत्तर देऊ नका.

नवी पाऊलवाट

खूप आभार सगळ्यांचे. चित्रं आजच काढायला घेते.

पाटीपेन्सिल

तीन आठवड्यांनी परत आलेय, धागा वर काढतेय. पान लिहिलं. मध्ये दोन दिवस विसरले, तरी १४ वेळा नोंद झाली. मी छातीठोकपणे सांगितलं असतं की तो घंटेने घाबरतो, पण घंटेला फक्त दोन नोंदी आहेत. १० वेळा त्याचं सुरू झालंय ते जिना चढून वर्गात आल्यावर पाचेक मिनिटांत. आमचा जिना अरुंद आहे आणि मधली सुट्टी संपली की पाच वर्ग एकदम वर येतात, धक्काबुक्की, आरडाओरडा, भिंतींवर आवाज आदळतो. मी स्वतः त्या वेळी सगळ्यात पुढे असते, त्यामुळे तो मागे कसा येतोय हे मी कधी बघितलंच नव्हतं.

आता तो आणि त्याचा एक दोस्त घंटेच्या तीन मिनिटं आधी वर येतात आणि फळा पुसतात. मुख्याध्यापक आधी नाही म्हणाले, पान दाखवलं तेव्हा हो म्हणाले. सहा शाळेचे दिवस झाले, दोनदा झालं फक्त. काल त्यातलंच एकदा, बाहेर रस्त्याचं काम सुरू झालं अचानक, गेला टेबलाखाली. पण ओरडला नाही. कानोसांचं वाचून मी चित्रं दिली होती, त्यातलं कानाचं चित्र त्याने खालून हात काढून वर धरलं. मी खिडकी बंद केली.

त्याच्या आईशी संध्याकाळी फोनवर बोलले, आधी फळा पुसायचं सांगितलं. ती म्हणाली घरी मिक्सर लागला की तो कपाटात जाऊन बसतो, तिला वाटायचं सगळीच मुलं करतात. कानाची तपासणी गुरुवारी आहे, असेसमेंटसाठी नावही घातलंय. मदतनिसाचा अर्ज लेखी दिलाय, उत्तर नाही अजून.

खडूची धूळ

खिडकी लगेच बंद केलीत ते फार बरं केलंत. पान चालूच ठेवा, रस्त्याचं काम चालेल तोवर त्याची वेगळी खूण करा म्हणजे नोंदी मिसळणार नाहीत. अर्जाची पोच घेतलीत ना?

पाटीपेन्सिल

नाही घेतली. उद्या घेते.